लाईट कुणाची? पुण्याच्या विजेची गोष्ट

आजच्या भागाला निमित्त झालंय एका श्रोत्याची व्हॉइस नोट. गडी ह्यूस्टनहून परत येतोय, बाणेरला फ्लॅट बघितलाय, आणि त्याचा साधा प्रश्न आहे: "या पत्त्यावर कोणकोणत्या कंपन्यांची वीज मिळते ते कुठे बघायचं?"

ऐकून मी आधी हसलो. मग वाटलं, यात हसण्यासारखं काय आहे? टेक्सासच्या बऱ्याच भागात 2002 पासून ग्राहक आपली वीज कंपनी निवडतो. आपला पिनकोड टाकायचा, दर बघायचे, आणि मोबाईलचं सिम बदलावं तशी कंपनी बदलायची. ब्रिटनमध्ये हे 1998-99 च्या सुमाराला घराघरांपर्यंत पोचलं. तिकडून येणाऱ्याला हा प्रश्न पडणारच.

त्याला उत्तर एका शब्दात देता येतं: महावितरण. बाणेर असो, बिबवेवाडी असो नाहीतर भोसरी, घरगुती मीटर महावितरणचंच. पण एकच का, हा प्रश्न विचारला की मग शंभर वर्षं मागे जावं लागतं. आणि हा प्रश्न आत्ता विचारायला पाहिजे, का ते पुढे येईलच.

आधी एक गंमत. तुमच्या घरी लाईट गेली की आजी काय म्हणते? "एमएसईबीला फोन लाव." एमएसईबी, म्हणजे महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ, 6 जून 2005 ला विभागलं गेलं. वीज तयार करणारी महानिर्मिती, मोठ्या टॉवरच्या लाईनी सांभाळणारी महापारेषण, आणि आपल्या डीपीपासून मीटरपर्यंत पोचणारी महावितरण. वीस वर्षं झाली, तरी लोकांच्या तोंडी एमएसईबीच. त्याहून जुनं नाव हवं असेल तर रास्ता पेठेत जा. तिथल्या महावितरणच्या आवाराला आजही 'पॉवर हाऊस' म्हणतात. रिक्षावाल्याला "महावितरणचं ऑफिस" म्हणालात तर तो कदाचित विचारात पडेल, "पॉवर हाऊस" म्हणालात की मीटर टाकेल.

एमएसईबीच्याही आधी पुण्याला वीज देणारी एक खासगी कंपनी होती. पूना इलेक्ट्रिक सप्लाय कंपनी. हो, खासगी. आज 'वीज खाजगी होणार' म्हटलं की आपण दचकतो, पण पुण्याच्या विजेची सुरुवातच खासगी लायसन्सवर झाली. तेव्हाची पद्धत अशी होती की सरकार एका कंपनीला एका शहराचं लायसन्स द्यायचं, कंपनीने खांब उभे करायचे, तारा ओढायच्या, बिलं वसूल करायची. ठराविक मुदतीनंतर तो सगळा पसारा विकत घेण्याचा पर्याय कायद्याने सरकारी बाजूकडे ठेवला होता.

हा कायदा म्हणजे 1910 चा भारतीय वीज कायदा. त्यात एक कलम होतं, ज्याच्याकडे फारसं कुणी बघितलं नाही. एकाला लायसन्स दिलं म्हणून त्याच भागात दुसऱ्याला द्यायला अडचण नाही, असं त्यात सरळ म्हटलं होतं. म्हणजे एका पत्त्यावर दोन वीज कंपन्या ही कल्पना अमेरिकेतून नवीन आलेली नाही. आपल्या कायद्यात ती 1910 पासून पडून आहे. पण एकाच रस्त्यावर दोन कंपन्यांनी दोन रांगा खांब उभे करायचे, एवढा खर्च करणार कोण? म्हणून कागदावर दार उघडं, आणि प्रत्यक्षात प्रत्येक शहरात एकाचंच राज्य.

बरं, मग एकट्या कंपनीने मनमानी दर लावले तर? त्यावर 1948 च्या कायद्याने लगाम घातला. कंपनीने किती नफा घ्यायचा त्याची मर्यादा ठरली, आणि त्यावर जास्त नफा झाला तर त्यातला काही भाग ग्राहकांना परत. पूना इलेक्ट्रिकने तसे पैसे ग्राहकांच्या नावाने बाजूला काढले. आता इन्कम टॅक्सवाले म्हणाले, हा तुमचा नफाच आहे, यावर कर भरा. प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं. 1965 मध्ये कोर्टाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला: जे पैसे कायद्यानेच ग्राहकाला परत द्यायचे आहेत तो कंपनीचा खरा नफा नव्हे. करकायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निकाल आजही वाचावा लागतो. मला त्यात वेगळीच गोष्ट आवडते. पुणेकरांच्या लाईट बिलातल्या सुटीवरून देशाच्या सर्वोच्च न्यायालयात वाद झाला होता! आपल्या स्वभावाला धरूनच आहे म्हणा.

पण पुण्याच्या विजेची गोष्ट शहरात संपत नाही. ती खरी घडली डोंगरात.

लोणावळ्याला जाता तेव्हा वळवणचं धरण दिसतं. वळवण, शिरवटा, लोणावळा, या तलावांचं पाणी टाटांनी घाटाखाली खोपोलीला सोडलं आणि 1915 मध्ये मुंबईच्या गिरण्यांना वीज द्यायला सुरुवात केली. मग ठोकरवाडीचं धरण, त्याचं पाणी भिवपुरीला, 1922. आणि मग मुळशी. नकाशा काढून बघा: ही सगळी धरणं पुणे जिल्ह्यात, त्यांचं पाणी एरवी पूर्वेकडे वाहणारं, आणि वीजघरं सह्याद्रीच्या पलीकडे कोकणात. पाणी मावळचं, उजेड मुंबईचा.

मुळशीला मात्र लोक उभे राहिले. भातखाचरं बुडणार होती, पन्नासेक गावांचा प्रश्न होता. 1921 च्या रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांनी तो लावून धरला, आणि बापट 'सेनापती' झाले ते याच लढ्यात. तीनेक वर्षं हा लढा चालला, तुरुंगवास झाले. शेवटी धरण झालंच आणि 1927 मध्ये भिरा वीजघर सुरू झालं. धरणाविरुद्धच्या जगातल्या सुरुवातीच्या संघटित लढ्यांमध्ये त्याची गणना होते.

आता हे ऐका. पुण्यात महावितरणच्या गणेशखिंड मंडळाचं कार्यालय आहे 'प्रकाशभवन'. पत्ता? सेनापती बापट रस्ता. मी त्या रस्त्याने रोज जायचो तेव्हा हे कधी डोक्यात आलं नव्हतं. विजेसाठी बुडणाऱ्या गावांच्या बाजूने जो माणूस तुरुंगात गेला, त्याच्या नावाच्या रस्त्यावर वीज कंपनीचं ऑफिस. कुणी मुद्दाम केलेलं नाही हे, पण असल्या योगायोगांनीच शहर वाचता येतं.

1960 साली महाराष्ट्र राज्य झालं आणि त्याच वर्षी विद्युत मंडळ. पुढची दोन दशकं वीज म्हणजे सरकारचं काम, हे पक्कं होत गेलं. कोयना सुरू झाली, खेडोपाडी तारा गेल्या, पंप बसले. शहरांमधलं खासगी वितरणही बहुतेक ठिकाणी मंडळाकडे आलं, त्यात पुणेही. मुंबई मात्र वेगळी राहिली. तिथे 1905 ची ट्राम-वीज कंपनी 1947 मध्ये महापालिकेकडे गेली, तीच आपली बेस्ट. उपनगरात 1929 ची बीएसईएस, जी पुढे रिलायन्स झाली आणि 2018 मध्ये अदानी. शिवाय टाटा. आणि भांडुप-मुलुंडला महावितरण. म्हणून मुंबईत "तुमच्याकडे लाईट कुणाची?" हा खरा प्रश्न आहे. पुणेकराला तो कधी पडलाच नाही.

दर कोण ठरवतं? 1999 मध्ये राज्य वीज नियामक आयोग आला. तेव्हापासून युनिटचा दर ना महावितरण ठरवत, ना मंत्री. आयोग सुनावणी घेऊन ठरवतो. निदान कायद्यात तरी असंच आहे.

आता तुमच्यापैकी ज्यांचा जन्म 2000 च्या आसपासचा आहे त्यांना अंधुक आठवत असेल: लोडशेडिंग. दाभोळचा एन्रॉनचा प्रकल्प 2001 मध्ये बंद पडला होता, नवी वीजनिर्मिती फारशी झाली नव्हती, आणि 2005-06 ला तुटवडा टोकाला गेला. मेणबत्त्या, इन्व्हर्टर, परीक्षेच्या काळात चिमणी. तेव्हा पुण्यात एक प्रयोग झाला, ज्याला 'पुणे मॉडेल' म्हणतात. शहराला सुमारे 90 मेगावॅट कमी पडत होती. सीआयआयच्या पुढाकाराने कारखानदार म्हणाले, आमच्याकडे स्वतःचे जनरेटर आहेत, गर्दीच्या वेळी आम्ही ते चालवतो, आमच्या वाटची ग्रीडची वीज शहराला द्या. डिझेलची वीज महाग, त्यामुळे वरचा खर्च पुणेकरांच्या बिलात 'रिलायबिलिटी चार्ज' म्हणून आला. महिन्याला 300 युनिटांच्या आत वापर असलेल्या घरांना तो लागला नाही. आयोगाने मंजुरी दिली आणि 2006 मध्ये पुणं लोडशेडिंगमधून सुटलं.

हुशारीचं काम, यात शंका नाही. पण त्याच वेळी शहराच्या हद्दीबाहेर तासन्‌तास लाईट नसायची. ज्या मुळशी-मावळच्या पाण्यावर शंभर वर्षं वीज तयार होतेय तिथेही. पैसे मोजू शकणाऱ्या शहराने स्वतःपुरता अंधार विकत घेऊन बाजूला ठेवला. मला पुणे मॉडेलचं कौतुक आहे, पण ते सांगताना ही बाजू गाळली जाते, ते मला खटकतं.

2003 च्या नव्या वीज कायद्याने 1910 चं ते जुनं दार पुन्हा रंगवून उघडलं. त्याच भागात दुसऱ्या कंपनीला लायसन्स मिळू शकतं, फक्त तिने स्वतःच्या तारा टाकायला हव्यात. याला 'समांतर परवाना' म्हणतात. मुंबईत 2008 मध्ये सुप्रीम कोर्टाने टाटांना थेट घरगुती ग्राहकांना वीज द्यायला मोकळीक दिली, आणि 2009 पासून रिलायन्सच्याच तारांवरून टाटांची वीज घ्यायची सोय झाली. स्वस्त दर बघून लाखो लोक गेले. पण मग तक्रार झाली की मोठी बिलं भरणारे तिकडे जाताहेत आणि छोटे ग्राहक जुन्या कंपनीच्या गळ्यात उरताहेत. 2012 मध्ये आयोगाला हे बदलणं काही काळ फक्त कमी वापराच्या ग्राहकांपुरतं ठेवावं लागलं.

आणि आता पुणे. गेल्या काही वर्षांत मुंबईभोवतीच्या भागासाठी आणि मग पुण्यासह राज्यातल्या आणखी शहरांसाठी खासगी कंपन्यांनी समांतर परवान्याचे अर्ज केले. जानेवारी 2023 मध्ये याच मुद्द्यावर वीज कर्मचारी संपावर गेले होते. त्यांचं म्हणणं समजून घ्यायला फार अर्थशास्त्र लागत नाही. पुण्याचे मॉल, कारखाने, मोठ्या सोसायट्या जास्त दराने बिल भरतात, त्यातून शेतीपंपाचा आणि गरीब घराचा दर खाली राहतो. हे मोठे ग्राहक गेले तर मागे राहिलेल्यांचा भार कोण उचलणार? दुसरी बाजूही खरी आहे: एकच दुकान असेल तर दुकानदार बोलतो तसं बोलतो. वायरमनची वाट बघत तीन तास काढलेल्या माणसाला क्रॉस सबसिडीचं गणित सांगून बघा. माझं मत विचाराल तर, स्पर्धा येऊ दे, पण नव्या कंपनीला वाड्यातली, वस्तीतली आणि टॉवरमधली घरं सारखीच घ्यायला लावा. नाहीतर 1921 चाच हिशोब पुन्हा, फक्त या वेळी घाट नाही, वॉर्ड बदलेल.

श्रोत्याच्या प्रश्नाकडे परत. घरमालकाकडून मागचं लाईट बिल मागा. त्यावर 12 आकडी ग्राहक क्रमांक असतो आणि चार आकडी बिलिंग युनिट. ते बिलिंग युनिट सांगतं की तुमचा पत्ता कुठल्या उपविभागात येतो, म्हणजे तक्रार गणेशखिंड मंडळाकडे जाणार की रास्ता पेठेकडे. थकबाकी आहे का ते भाडेकरार करण्याआधी ॲपवर हा क्रमांक टाकून बघा. लाईट गेली तर 1912.

तीन अपवाद मात्र सांगतो. लष्करी क्वार्टरमध्ये राहणार असाल तर आतली वीज एमईएस बघते. काही मोठ्या संकुलांत महावितरण एकाच मीटरवर वीज देतं आणि आतली वाटणी व्यवस्थापन करतं. तिथे बिल कुणाच्या नावाने येतं ते आधी विचारा. आणि तिसरा सगळ्यात मजेशीर: काही आयटी सेझ स्वतःच वीज वितरक आहेत. खराडीचं इऑन घ्या, हिंजवडीचं क्वाड्रन घ्या, त्यांना त्यांच्या आवारापुरता वितरण परवानाधारकाचा दर्जा आहे आणि त्यांचे दर आयोग वेगळे ठरवतो. म्हणजे घरी तुम्ही महावितरणचे ग्राहक, आणि ऑफिसात लॅपटॉप चार्जिंगला लावलात की दुसऱ्याच वितरकाची वीज.

समांतर परवान्याच्या अर्जावर आयोग जाहीर नोटीस काढतो, ती वर्तमानपत्रात छापून येते, आणि हरकती-सूचना कुणीही पाठवू शकतो. त्यासाठी वकील लागत नाही. पुढच्या भागात आपण मुळशीला जाणार आहोत, पाणी खाली गेलं की दिसणाऱ्या जुन्या देवळांच्या शोधात.