४१ किलोमीटर उंचीवरचे जिवाणू कुठले?

अकोले तालुक्यातले कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातलेच नव्हे, तर महाराष्ट्रातले हे सर्वांत उंच शिखर. अशी पंचवीस शिखरे एकावर एक ठेवली, तर सुमारे ४१ किलोमीटर उंची होईल. तिथे हवा अतिशय विरळ आणि अतिनील किरणांचा मारा प्रखर. अशा ठिकाणी सजीव सापडले, तर ते कुठून आले म्हणायचे? खालून की वरून?

धूमकेतूंबरोबर सूक्ष्मजीव प्रवास करतात, पृथ्वीवर जीवन तसेच आले आणि आजही ते वरून येत असते, असे फ्रेड हॉईल व चंद्रा विक्रमसिंघे यांचे मत होते. बहुतेक शास्त्रज्ञांना ते पटले नाही. हॉईल यांचे विद्यार्थी जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी ही कल्पना प्रयोगाने तपासायचे ठरवले.

इतक्या उंचीवर का जायचे? जमिनीलगतची तापलेली हवा वर चढते, तिच्याबरोबर धूळ आणि जंतूही. स्थितांबरात मात्र वरची हवा खालच्या हवेपेक्षा उबदार असते. त्यामुळे खालची हवा सहजासहजी वर जात नाही. म्हणजे जितके वर जावे, तितकी पृथ्वीवरची भेसळ कमी.

जानेवारी २००१ मध्ये हैदराबादहून सोडलेल्या बलूनने आणलेल्या हवेत सूक्ष्मजीव सापडले. पण ते हाताळताना शिरले नसतील कशावरून? म्हणून २० एप्रिल २००५ रोजी पुन्हा उड्डाण झाले. पोलादाच्या १६ निर्जंतुक, निर्वात नळ्या द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या होत्या. त्या थंडीने आत आलेली हवा गोठते आणि आणखी हवा ओढली जाते. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरचे नमुने हैदराबादची सीसीएमबी आणि पुण्याची एनसीसीएस या दोन प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे तपासले.

जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती मिळाल्या. जिवाणूंच्या तीन जाती नव्या निघाल्या. 'इस्रो'ने २००९ मध्ये त्या जाहीर केल्या. एकीला हॉईल यांचे, एकीला आर्यभटाचे, तर एकीला 'इस्रो'चे नाव मिळाले. जवळच्या जातींपेक्षा त्या अतिनील किरणांना अधिक तोंड देतात.

मग परग्रहावरचे जीव सापडले का? नाही. नवी जात म्हणजे परकी जात नव्हे. या तिघींची कुळे पृथ्वीवर आधीच माहीत होती. परकेपणाचा निश्चित पुरावा या प्रयोगातून मिळत नाही, हे 'इस्रो'नेही तेव्हाच स्पष्ट केले होते.

असा पुरावा कसा असेल? जिवाणूमधल्या कार्बनच्या समस्थानिकांचे प्रमाण पृथ्वीवरच्या सजीवांपेक्षा स्पष्टपणे वेगळे निघाले, तर तो वजनदार पुरावा ठरेल. मात्र प्रयोगशाळेत वाढवलेला जिवाणू आपण दिलेल्या खाद्यातलाच कार्बन घेतो. म्हणजे मोजमाप त्याला वाढवण्याआधी करायला हवे.

वर्गात हा इतिहास सांगताना आधी निष्कर्ष सांगू नका. 'काय सापडले तर तुम्ही मान्य कराल?' हे विद्यार्थ्यांकडून फळ्यावर लिहून घ्या, आणि मगच नळ्या उघडा.