चेहरा पाहायला शिकणे : कोकोश्काची तैलचित्रे

अभिव्यक्तिवादी पद्धतीचं व्यक्तिचित्र तैलरंगात कसं करायचं, हा प्रश्न आपल्याला आधी तंत्राचा वाटतो. रंगाचा थर किती जाड हवा, गाल हिरवा रंगवला तर चालेल का, वगैरे. इतिहासात डोकावलं की प्रश्न जरा वेगळा दिसू लागतो. त्यासाठी आपण ऑस्कर कोकोश्काकडे जाऊ.

कोकोश्का व्हिएन्नात शिकला तो उपयोजित कलांच्या शाळेत. पोस्टकार्डं, पंखे, छापील चित्रं अशी कामं त्याने केली. तैलचित्रणाचं रीतसर शिक्षण मात्र त्याला नव्हतं. वास्तुकार आडोल्फ लोस याने त्याच्यासाठी गिऱ्हाइकं शोधली. त्यातूनच 1910 च्या आरंभी हा 23 वर्षांचा तरुण स्वित्झर्लंडमध्ये ऑग्यूस्त फोरेल यांच्या घरी पोचला. फोरेल म्हणजे नामांकित मनोविकारतज्ज्ञ, शिवाय मुंग्यांचे गाढे अभ्यासक, साठी ओलांडलेले. कोकोश्काने त्यांना ताठ बसवून ठेवलं नाही. ते आपलं काम करत राहिले, हा बघत राहिला.

चित्रात रंग अगदी पातळ आहे, कुठे कुठे खरवडलेला. हे आपण नीट लक्षात घेऊ. तैलरंग वाळायला दिवस लागतात, त्यामुळे ओला रंग पुसता येतो, कुंचल्याच्या दांड्याने, अगदी नखाने ओरखडता येतो. 1909 सालच्या टिट्झे दांपत्याच्या चित्रातही हे ओरखडे दिसतात. नवशिके अभिव्यक्तिवाद म्हणजे रंगाचे जाड लपके असं धरून चालतात. इथे तर रंग काढून घेण्यातूनच चेहरा वर येतो! फोरेल यांचे हात मात्र पाहावेत: वाकडे, गाठाळलेले, चेहऱ्याइतकेच बोलके.

घरच्यांना चित्र रुचलं नाही. ते घेतलंच गेलं नाही. झटका येऊन गेलेल्या माणसासारखे दिसतात, अशी तक्रार झाली म्हणे. 1912 मध्ये फोरेल यांना खरोखर पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली, आणि ते डाव्या हाताने लिहायला शिकले. झालं, चित्रकार द्रष्टा ठरला! आपण या चमत्काराच्या नादी लागू नये. थकलेला, तरीही कामात बुडालेला एक वृद्ध त्याला दिसला, तेवढं पुरे. खरा पेच दुसराच आहे. ज्याचा चेहरा, त्याला तो ओळखू येत नसेल, तर चित्र कुणाशी प्रामाणिक राहिलं? कामसूत्रावरच्या यशोधराच्या टीकेत चित्राची सहा अंगं दिली आहेत, त्यांत भाव वेगळा आणि सादृश्य वेगळं. एक साधलं की दुसरं आपोआप येतं, असं तिथेही मानलेलं नाही. फोरेल कुटुंबाने सादृश्य मागितलं. मिळाला तो भाव. त्यांचा राग आपल्याला खोटा म्हणता येणार नाही. 1913 मध्ये मानहाइमच्या कलासंग्रहालयाने ते चित्र विकत घेतलं.

पुढे 1937 साली नाझींनी याच चित्रकाराला ‘अधःपतित’ ठरवलं, ती कथा मोठी आहे, ती आज सोडू. 1953 मध्ये कोकोश्काने साल्झबुर्गच्या किल्ल्यात उन्हाळी वर्ग काढला. नाव काय दिलं? ‘पाहण्याची शाळा’. तिथे विद्यार्थ्यांच्या हाती तैलरंग नव्हते, होते जलरंग. समोरचा माणूस स्थिर बसत नसे, हालचाल करी. आणि त्याची एक हालचाल संपून दुसरी सुरू व्हायच्या आत कागदावर काहीतरी उमटायला हवं असे.