शाळेत आलेले नट

नटाने रंजन करावे व शिक्षकाने ज्ञान द्यावे, ही विभागणी आपण गृहीत धरतो. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री नगराने ती १९६५ साली मोडली.

१४ नोव्हेंबर १९४० च्या जर्मन बॉम्बवर्षावाने हे औद्योगिक नगर उद्ध्वस्त झाले होते. पुनर्रचनेत १९५८ साली तेथे नगराचे स्वतःचे नाट्यगृह उभे राहिले. बेलग्रेड नगराने त्यासाठी लाकूड भेट दिले, म्हणून त्याचे नावही ‘बेलग्रेड’ ठेवण्यात आले. याच नाट्यगृहातून गॉर्डन व्हॅलिन्स यांच्या पुढाकाराने ‘नट-शिक्षकां’चे पथक शाळांत जाऊ लागले. खर्च नगरपालिकेने सोसला. शाळांस मोल पडले नाही.

ही मंडळी नाटक दाखवून परतत नसत. एकदोन वर्गांतील मुलांना ती कथानकातच सामील करून घेत. ऐन पेचाच्या क्षणी पात्र मुलांनाच विचारी, आता काय करावे? तेव्हा इतिहास नुसता पाठ असून भागत नसे. तो वापरावा लागे. पुढील अभ्यास वर्गशिक्षक चालवीत. ही पद्धत लवकरच अन्य नगरांतही पसरली.

परंतु १९८८ च्या शिक्षण कायद्याने खर्चाची सूत्रे पालिकांकडून शाळांकडे गेली आणि अनेक पथकांचा आधार तुटला. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाने मात्र १९८९ साली असेच पथक स्थापिले.

तात्पर्य, कलावंत मिळतात, मुले उत्सुकच असतात. उणीव पडते ती नियमित आश्रयाची. आपल्या ज्ञातिसंस्था गुणवंतांस पारितोषिके देतात आणि संमेलनात कलावंतास श्रीफळ देतात. त्याच निधीतून एखाद्या कलावंतास वर्षभराचे वेतन देऊन शाळेत धाडता येईल काय, याचा ज्ञातिबांधवांनी अवश्य विचार करावा.