न गोठणारें रक्त : एका उमेदवाराची हकीकत

मूत्रपिंडें निकामी झालेल्या एखाद्या आप्ताला घेऊन डायालिसिसच्या खोलीबाहेर आठवड्यांतून दोन-तीनदां ज्यांना बसावें लागतें, त्यांनीं एक गोष्ट पाहिली असेल. रोग्याचें रक्त नळीवाटें यंत्रांत जातें, शुद्ध होऊन परत येतें, आणि तासन् तास चाललेल्या या फेऱ्यांत तें कोठेंहि थिजत नाहीं. एरवीं बोटाला सुई टोंचली तर निघालेला थेंब कांहीं मिनिटांतच गोठतो. मग यंत्राच्या परक्या नळ्यांतून तें वाहतें कसें राहतें? बहुधा हेपॅरिन नांवाच्या औषधामुळें. हृदयाचें काम यंत्राकडे सोंपवून शस्त्रक्रिया करावयाची असते, तेव्हांहि हेंच औषध लागतें.

औषधाचे गुण मला आज वर्णावयाचे नाहींत. तें प्रथम ज्याच्या दृष्टीस पडलें त्याची हकीकत सांगावयाची आहे. तो कोणी नामांकित संशोधक नव्हता. वैद्यकशाळेंत नुकताच आलेला पंचविशींतला विद्यार्थी होता. आणि त्याला शोधावयास सांगितलें होतें तें याच्या नेमकें उलट!

जे मॅक्लीन हें त्याचें नांव. जन्म १८९० चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. वडील लहानपणींच वारले, आणि १९०६ च्या भूकंपानें व त्यामागून उठलेल्या आगीनें घरचा उरलासुरला आधारहि नेला. तेव्हां मिळेल तें अंगमेहनतीचें काम करून त्यानें शिक्षणाचा पैसा उभा केला. कॅलिफोर्निया विद्यापीठाची पदवी घेतल्यावर बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स वैद्यकशाळेंत जावें, असें त्याच्या मनानें घेतलें. अर्ज नामंजूर झाला. तरीहि हा गृहस्थ १९१५ मध्यें सारा देश ओलांडून बाल्टिमोरला दाखल झाला! आपण वर्षभर कांहीं काम करूं व पुन्हां अर्ज करूं, असें त्यानें तेथील अधिकाऱ्यांस सांगितलें. दुसऱ्याच दिवशीं एक जागा अकस्मात् रिकामी असल्याचा निरोप त्याला आला. ही हकीकत त्याच्याच आठवणींतली आहे. त्यांत थोडा रंग भरलेला असला तरी तो भरण्याचा हक्क त्यानें कमावला होता, असें मला वाटतें.

शरीरशास्त्राचे तेथील प्राध्यापक विल्यम हॉवेल त्या वेळीं पंचावन्न वर्षांचे होते. त्यांचें पाठ्यपुस्तक सर्वत्र वाचलें जाई, आणि रक्त कसें गोठतें या प्रश्नावर त्यांच्या शब्दाला मोठें वजन होतें. मॅक्लीन त्यांच्याकडे गेला आणि म्हणाला कीं, एका वर्षांत माझा मला पुरा करतां येईल असा एखादा प्रश्न द्या. आतां आपल्याकडेहि पदवीचे विद्यार्थी सुट्टींत प्रयोगशाळांतून उमेदवारी करितात. त्यांची मागणी बहुधा हीच असते, आणि तिचें उत्तर देणें प्राध्यापकाला वाटतें तितकें सोपें नसतें. प्रश्न फार मोठा दिला तर मुलगा बुडतो. फार लहान दिला तर तो केवळ बाटल्या धुतो.

हॉवेल यांनीं दिलेला प्रश्न मध्यम आकाराचा होता. मेंदूपासून काढलेल्या केफॅलिन नांवाच्या मेदासारख्या द्रव्यानें रक्त लवकर गोठतें, हें ठाऊक होतें. परंतु हा गुण खुद्द त्या द्रव्याचा, कीं त्यांत मिसळलेल्या दुसऱ्या कशाचा? मॅक्लीननें तें द्रव्य काढून, शुद्ध करून, ही शंका फेडावयाची होती. काम कंटाळवाणें होतें, पण कांहीं महिन्यांतच उत्तर हातीं आलें : गुण त्या द्रव्याचाच. एवढ्यावर तो थांबता तर त्याला कोणी दोष दिला नसता. पण जर्मन भाषेंतल्या लेखांत हृदयांतून व यकृतांतून अशींच द्रव्यें काढल्याचें त्यानें वाचलें होतें. तींहि त्यानें काढून पाहिलीं.

येथें त्याच्या हातून जी गोष्ट घडली ती दिसावयास क्षुल्लक आहे. परीक्षा झालेले नमुने त्यानें फेंकून दिले नाहींत. ते ठेवून दिले व काळानें त्यांची शक्ति किती उरते हें पुनःपुन्हां तपासूं लागला. रक्त गोठविण्याचा गुण हळूहळू कमी होत गेला. यकृताच्या द्रव्यांत तर तो नाहींसा झाला, आणि मग तें द्रव्य रक्ताला गोठूंच देईना! प्रथम त्यानें कोणाला सांगितलें नाहीं. स्वतःची चूक असेल म्हणून प्रयोग पुन्हां पुन्हां केला. शेवटीं तो हॉवेल यांच्या खोलींत जाऊन म्हणाला कीं, रक्त गोठूं न देणारें द्रव्य मला सांपडलें आहे. प्राध्यापकांचा विश्वास बसेना. तेव्हां मॅक्लीननें मांजराचें रक्त एका पेल्यांत घेतलें, त्यांत आपलें द्रव्य ढवळलें, आणि तो पेला गुरूंच्या टेबलावर ठेवून, हें गोठलें म्हणजे मला कळवा, असें सांगून तो निघून गेला.

तें गोठलें नाहीं.

१९१६ मध्यें मॅक्लीनचा लेख प्रसिद्ध झाला. त्याचा मथळा मात्र केफॅलिनच्या रक्त गोठविण्याच्या शक्तीविषयींच होता. उलट्या गुणाचा उल्लेख आंत ओघांत, थोडक्यांत आला. वर्ष संपलें, आणि मॅक्लीन दुसरीकडे गेला. हॉवेल यांनीं शोध पुढें चालविला तो एमेट होल्ट या दुसऱ्या एका विद्यार्थ्याला हाताशीं घेऊन, आणि १९१८ मध्यें यकृताच्या ग्रीक नांवावरून द्रव्याला हेपॅरिन हें नांव दिलें. पुढील दशकांत त्यांनीं निराळ्या रीतीनें जें हेपॅरिन मिळविलें तें पाण्यांत विरघळणारें, शर्करेच्या जातीचें निघालें. मॅक्लीनचें द्रव्य तर मेदाच्या जातीचें होतें. वादाचें मूळ येथें आहे. ज्याला आज आपण हेपॅरिन म्हणतों तें मॅक्लीनच्या बरणींत होतें कीं नव्हतें? हॉवेल यांनीं आपल्या लेखनांत शिष्याचा उल्लेख केला आहे. त्यांनीं त्याचें श्रेय चोरलें असें म्हणणें अन्यायाचें होईल. पण नांव ठेवणाराचें नांव लोकांच्या तोंडीं राहतें, आणि मॅक्लीनला तें लागलें. शस्त्रवैद्य होऊन अनेक गांवें फिरल्यावर, १९४० नंतरच्या वर्षांत तो आपला हक्क व्याख्यानांतून सांगूं लागला. हॉवेल १९४५ मध्यें वारले.

माझें मत विचाराल तर, द्रव्य हॉवेल यांचें, पण तें शोधावें असें त्यांना वाटलें तें त्या पेल्यामुळें. ज्याला त्यांनीं प्रश्न दिला होता त्यानेंच त्यांना प्रश्न दिला.

तरीहि हेपॅरिन रोग्यापर्यंत पोंचलें नव्हतें. प्रारंभींचें औषध अशुद्ध होतें. त्यानें रोग्यांना ताप येई, डोकें दुखे. तें शुद्ध करण्याचें काम १९२९ च्या सुमारास कॅनडांतील टोरोंटो येथें सुरू झालें. आर्थर चार्ल्स व डेव्हिड स्कॉट यांनीं गुरांच्या यकृतापासून, मग फुप्फुसांपासून तें काढलें, आणि १९३५ मध्यें शस्त्रवैद्य गॉर्डन मरे यांनीं तें मनुष्यावर वापरावयास प्रारंभ केला. हें सारें ज्यांच्या पुढाकारानें झालें ते चार्ल्स बेस्ट. हेच बेस्ट १९२१ च्या उन्हाळ्यांत, नुकती पदवी घेतलेले असतांना, बँटिंग यांचे साहाय्यक झाले होते, आणि त्या उमेदवारींतून इन्शुलिन निघालें. १९२३ चें नोबेल पारितोषिक बँटिंग व मॅक्लिऑड यांना मिळालें, बेस्ट यांना नाहीं. बँटिंग यांनीं आपल्या रकमेचा अर्धा वांटा त्यांना दिला.

मॅक्लीन १९५७ मध्यें वारला. शोधाची हकीकत त्यानें लिहावयास घेतली होती, ती अपुरीच राहिली. १९५९ मध्यें अमेरिकेंतील हृदयरोगाच्या एका नियतकालिकानें ती छापली. आणि तिच्या पाठोपाठ, त्याच अंकांत, हेपॅरिन शुद्ध कसें झालें याचा लेख आहे, तो चार्ल्स बेस्ट यांचा.