गढीवर

वर्धा जिल्ह्यातल्या जुन्या गावात लोक ‘गढीवर’ जातात. तट ढासळून नुसता मातीचा उंचवटा उरला, तरी हा ‘वर’ टिकून असतो. गढी बहुधा उंचावर असे, ही तिच्या बांधणीतली पहिली गोष्ट त्या एका अक्षरजोडीत जपली गेली आहे.

‘गढी’ हे ‘गढ’चं लहान रूप. प्राकृतात गढ म्हणजे किल्ला. मराठीत येताना त्यातला ‘ढ’ मऊ होऊन ‘गड’ झाला: रायगड, गाविलगड. ‘गढी’त मात्र तो शाबूत राहिला, म्हणून एकच वैदर्भी माणूस गाविलगड आणि गावची गढी ही दोन्ही रूपं सहज बोलून जातो.

रूप लहान असलं तरी जबाबदारी लहान नव्हती. गढी पाटील-देशमुखांची, पण संकटात ती गावाची. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नागपूरकर भोसल्यांच्या या मुलखावर पेंढाऱ्यांच्या धाडी पडू लागल्या. १८१७-१८च्या मोहिमेत इंग्रजांनी त्यांचा बीमोड केला, तोवर धाडीची आवई उठली की लेकरंबाळं, गुरं आणि दाणागोटा घेऊन गाव गढीचा आसरा घेई.

हीच गरज रुमानियातल्या ट्रान्सिल्व्हेनियात चर्चने भागवली. तिथल्या जर्मनभाषक गावांनी तुर्कांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने गावच्या चर्चभोवतीच तट उभारले. प्रेजमेर गावी तटाच्या आतल्या अंगाला धान्य साठवायला आणि राहायला खोल्यांच्या रांगाच आहेत. अशा चर्चला जर्मनमध्ये ‘किर्खेनबुर्ग’ म्हणतात. त्यातला ‘बुर्ग’ आणि आपला ‘बुरूज’ दूरचे भाऊबंद असावेत. बुरूज आला अरबी ‘बुर्ज’वरून, आणि त्याचं मूळ अनेक अभ्यासक ग्रीक ‘पिर्गोस’, म्हणजे मनोरा, किंवा लॅटिन ‘बुर्गुस’, म्हणजे लहानशी गढी, इथवर नेतात.

‘किल्ला’ही अरबीतलाच. गढीच्या आत शिरलं की मात्र शब्द घरचे होतात. दरवाजाला आतून लावायचा लाकडी अडसर म्हणजे ‘आगळ’, संस्कृत ‘अर्गला’. दिवसा तो जाडजूड वासा भिंतीतल्या पोकळीत सरकवून ठेवायचा, रात्री ओढून दारामागे आडवा घालायचा. मोठं दार न उघडता एकेका माणसाला आत घ्यायला त्याच दारात ठेवलेलं छोटं दार म्हणजे ‘दिंडी’. जमिनीखालचं धान्याचं कोठार म्हणजे ‘पेव’. ‘पेव फुटलं’ असं आपण आज शिकवणीवर्गांबद्दलही म्हणतो, पण या वाक्प्रचारात साठवलेलं धान्य एकदम बाहेर पडण्याचं चित्र आहे.

सगळ्यांत जुनी गोष्ट सांगते ती माती. शेतीची जमीन ‘काळी’, वस्तीची जमीन ‘पांढरी’. मातीच्या घरांची पडझड, चुलीची राख, शेणमाती यांचे थर पिढ्यान्‌पिढ्या साचून पांढरी तयार होते. बांधायला चांगली म्हणून गढ्यांचे तट याच मातीचे. म्हणजे पूर्वजांच्या पडलेल्या घरांतूनच पुढच्यांचा कोट उभा राहिला. धाम नदीकाठच्या पवनारला नागपूर विद्यापीठाने १९६७ साली उत्खनन केलं, तेव्हा वस्तीचे असेच एकावर एक थर उलगडले. प्राचीन वाकाटक राजघराण्याची राजधानी प्रवरपूर ती हीच, असं इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी मांडलं होतं.

ही पांढरी माती चांगली असते म्हणूनच लोक ती धाब्यावर घालायला, घरं लिंपायला खणून नेत आले, आणि गढ्या झिजत गेल्या. माती गावाच्याच कामी आली, याचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते कागदावर ‘गढी’च्या जागी ‘किल्ला’ किंवा ‘वाडा’ लिहिलं जातं तेव्हा. किल्ला म्हटला की सत्ता आठवते, वाडा म्हटला की श्रीमंती. संकटात सगळ्या गावाला पोटात घेणारी जागा या दोन्ही शब्दांत मावत नाही. गावच्या पाटीवर, नोंदीत, शाळेच्या सहलीच्या वहीत ‘गढी’च लिहावं, आणि आगळ, दिंडी, पेव कुठे होतं तेही म्हाताऱ्यांना विचारून त्यापुढे टिपून ठेवावं.