उदगीर : तख्त कुणाचे, मजहब कुणाचा?

१७६० च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी उदगीरला निजामाला नमवले, तेव्हा मराठ्यांचा तोफखाना इब्राहिमखान गारदीच्या हाती होता. हा गारदी पूर्वी निजामाच्याच चाकरीत होता. लढाई मुलखाची होती, मजहबाची नव्हे.

१९४८ साली, उदगीर बिदर जिल्ह्यात असताना, चित्र पालटले होते. लातूरला वकिली केलेले कासिम रझवी मजलिसचे अध्यक्ष होते. संस्थानातला प्रत्येक मुसलमान हाच राज्यकर्ता, असे मजलिस सांगत असे. आमच्या पिंजाऱ्याच्या, बागवानाच्या वाट्याला ह्या राज्यातले काय आले होते? पण तख्त वाचवायला त्यांचा दीन वापरला गेला. रझाकारांनी गावोगाव हिंदू रयतेवर जुलूम केले. त्यांना विरोध करणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्लाखान यांचा ऑगस्टमध्ये खून झाला.

सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली. निजाम पुढे राजप्रमुख झाले; रझवी १९५७ ला तुरुंगातून सुटून पाकिस्तानात गेले. किंमत मोजली ती खेड्यांतल्या गरीब मुसलमानांनी. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत बिदर होता. हा अहवाल कित्येक दशके दडून राहिला.

दर १७ सप्टेंबरला मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो. रझाकारांचे जुलूम सांगितले जातात. ते सांगितलेच पाहिजेत. त्याच व्यासपीठावर शोएबुल्लाखानांचे नाव घेतले जावे आणि सुंदरलाल अहवालाची चार पानेही वाचली जावीत, एवढेच आमचे मागणे आहे.