पितळेच्या चकतीतलं एक भोक

आज एका लढाईबद्दल बोलू, पण सेनापतींना जरा बाजूला ठेवून. आजचा विषय आहे कार्ब्युरेटर.

साल 1940, उन्हाळा. इंग्लंडच्या आकाशात ब्रिटनची लढाई सुरू होती. ब्रिटिशांच्या स्पिटफायर आणि हरिकेन या दोन्ही विमानांना रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन होतं. जर्मन मेसरश्मिट 109 मध्ये डाइमलर-बेन्झचं इंजिन. जर्मन वैमानिकाच्या मागे ब्रिटिश लागला, की तो दांडा एकदम पुढे ढकलून नाक खाली घालायचा आणि सुळकांडी मारायचा. ब्रिटिश वैमानिकानं तसंच केलं, की त्याचं इंजिन खोकायचं. तेवढ्यात शिकार हातची जायची. जर्मन पाठीवर असेल, तर हीच अडखळ जिवावर बेतायची.

असं का व्हायचं? जर्मन इंजिनात पेट्रोल पंपाच्या दाबानं थेट सिलिंडरमध्ये फवारलं जाई. मर्लिनला मात्र फ्लोटचा कार्ब्युरेटर होता. त्याचाही एक फायदा होताच: पेट्रोलची वाफ होताना हवा थंड आणि घट्ट होते, त्यामुळे ताकद वाढते. पण विमानाचं नाक झटक्यात खाली गेलं, की पेट्रोल फ्लोटच्या टाकीत वर छताला जाऊन चिकटायचं. खालचे जेट कोरडे पडायचे. ही पहिली अडखळ. त्यानंतर फ्लोट आपली जागा सोडायचा, सुईची झडप पूर्ण उघडायची आणि पंपाचं पेट्रोल आत भसाभसा शिरायचं. ही दुसरी अडखळ, आणि हीच घातक. काळा धूर निघायचा, कधी इंजिन बंदही पडायचं. म्हणून वैमानिक आधी विमान पालथं करत आणि मग ओढून खाली जात. त्यात मोलाचे क्षण जायचे.

हे कोडं सोडवलं बीट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईंनी. त्या फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये कामाला होत्या. मोटरसायकल शर्यतीच्याही त्या पट्टीच्या खेळाडू. ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर 1934 मध्ये त्यांनी नॉर्टन गाडीवर ताशी 100 मैलांच्या वर फेरी मारली होती. त्यांनी ओळखलं, की खरा घात जास्तीच्या पेट्रोलानं होतोय. मग कार्ब्युरेटरकडे येणाऱ्या नळीत पितळेचा एक छोटा तुकडा बसवला आणि त्याला नेमक्या मापाचं भोक ठेवलं. पूर्ण ताकदीवर इंजिनाला लागेल तेवढंच पेट्रोल त्यातून जाईल, जास्त नाही. पुढे त्याची साधी चकती झाली.

यातलं मोठेपण एक फौजी म्हणून मला वेगळ्याच ठिकाणी दिसतं. हा तुकडा बसवायला विमान मोर्चावरून हलवावं लागत नव्हतं. 1941 च्या सुरुवातीला शिलिंगबाई छोटी तुकडी घेऊन तळांवर फिरल्या, आणि मार्चपर्यंत फायटर कमांडच्या विमानांत तो बसलाही. इंजिन पहिल्या क्षणी थोडं अडखळायचंच, विमान फार वेळ उलटं उडवणंही जमत नव्हतं. पक्का इलाज, म्हणजे दाबावर चालणारा कार्ब्युरेटर, नंतर आला. पण तोवर वैमानिक जिवंत राहायला हवेत ना? पुढे आपल्या हवाई दलानं ब्रह्मदेशाच्या आघाडीवर उडवलेली हरिकेनही मर्लिनवरचीच.

मी भूदलाचा माणूस. आमच्या जीपनाही कार्ब्युरेटरच असायचा. डोंगरात उंचीवर हवा विरळ होते, पेट्रोलचं प्रमाण आपोआप वाढतं आणि गाडी धूर ओकत रडत चढते. आमच्या ई.एम.ई.च्या जुन्या उस्तादांचा नियम शिलिंगबाईंच्याच जातीचा होता: इंजिन उपाशी आहे की त्याला अजीर्ण झालंय, हे आधी ठरवा. ॲक्सिलरेटर दाबताच नुसताच दम तुटला, तर पेट्रोल कमी पडतंय. काळा धूर आला, तर जास्त होतंय. दोन्हीत गाडी अडखळतेच, पण इलाज नेमके उलटे.

तेव्हा स्क्रूला हात लावण्याआधी धूर बघा. जय हिंद.